सीमाभागातील दवाखान्यांची साखळी
(नभोवाणीवरील भाषण)

आजारी माणसावर उपचार करण्याची जागा एवढ्या एकाच अर्थासाठी आपल्या मराठीत तीन शब्द रूढ आहेत. 'दवाखाना' हा फारसीतून आला, 'इस्पितळ' पाश्चात्त्यांच्या संगतीने आले, आणि 'रुग्णालय' हा संस्कृतातून घडविलेला शब्द सरकारी पाट्यांवर विराजमान झाला. बीदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांतील मराठी माणूस हे तिन्ही शब्द वापरतो. शिवाय शेजारच्या कानडी माणसाचा 'आस्पत्रे' हा शब्दही त्याच्या कानांना परका नाही. एका वस्तूला चार नावे असली, म्हणजे ती चार वाटांनी गावात आली असे समजावे. या भागातील रुग्णसेवेचे अगदी तसेच झाले आहे. राजाश्रय, धर्मसेवा, लोकाश्रय आणि शासन या चार वाटांनी ती इथवर आली. त्या वाटा कशा मिळाल्या, त्यांची साखळी कशी जुळली आणि ती आजही कोठे कोठे तुटते, हे थोडक्यात सांगण्याचा आजचा हेतू आहे.

प्रारंभ थोडा लांबून करावा लागेल. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांभोवती जो शरणांचा मेळा जमला, त्यात धोबी होते, चांभार होते, नावाडी होते, तसा वैद्य संगण्णा नावाचा एक वैद्यही होता. काम हीच पूजा, असे मानणाऱ्या त्या मंडळींत रोग्याची नाडी पाहणे हेही ईश्वराच्या सेवेचेच अंग ठरले. पुढे बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली. पंधराव्या शतकाच्या मध्यास सुलतान अल्लाउद्दीन दुसरा याने बीदरमध्ये एक 'दारुश्शिफा' उभारला. फिरिश्ता या इतिहासकाराने त्याची जी हकीकत नोंदविली आहे, ती वाचून आजही नवल वाटते. रोग्यांच्या औषधांचा आणि अन्नाचा खर्च भागावा म्हणून काही गावांचा महसूल तोडून दिलेला होता, आणि उपचारांसाठी मुसलमान हकीम व हिंदू वैद्य असे दोघेही नेमलेले होते.

या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. दवाखाना एकदा बांधून भागत नाही, तो रोज चालवावा लागतो आणि त्यासाठी कायमचे उत्पन्न हवे, ही पहिली. आणि रोग्याला ज्याची भाषा कळते व ज्याच्यावर त्याचा विश्वास बसतो, असा वैद्य तेथे असावा, ही दुसरी. पाचशे पंच्याहत्तर वर्षांनंतर आपण ज्या प्रश्नांशी झगडत आहोत, ते मुळात हेच दोन आहेत.

यानंतरचा दीर्घ काळ आपण ओलांडून निजामांच्या राजवटीकडे येऊ. हैदराबादेत १८४६ साली पाश्चात्त्य वैद्यकाची शाळा निघाली. शेजारच्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाच्या जंतूचा माग लागला. जगाच्या वैद्यकाचा इतिहास बदलून टाकणारा हा शोध बीदरपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर लागला. पण बीदर जिल्ह्यातील खेडूत त्यानंतरही कित्येक वर्षे हिवतापाने कुडकुडत होता. ज्ञान जवळ असणे निराळे आणि उपचार जवळ असणे निराळे! संस्थानातील मोठी रुग्णालये राजधानीत होती. जिल्ह्याच्या गावी एखादा सरकारी दवाखाना आणि तालुक्याला फार तर एक औषधालय, एवढ्यावर लक्षावधी लोकांचे भागत असे, किंवा भागत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा काहीसा यत्न ख्रिस्ती मिशनांनी केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मेथडिस्ट मिशनची रुग्णालये बीदर येथे व यादगीर येथे चालत असत. यादगीरचे इस्पितळ 'होल्स्टन' या नावाने ओळखले जाई. पश्चिमेकडे मिरजेस विल्यम वान्लेस या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टरांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून रोग्यांचे लोंढे तिकडे वाहू लागले. वान्लेस यांनी केवळ शस्त्रक्रिया केल्या नाहीत. त्यांनी इथल्याच तरुणांना वैद्यकाचे आणि इथल्याच मुलींना शुश्रूषेचे शिक्षण दिले. एक डॉक्टर फार तर काही हजार रोगी बरे करील. परंतु त्याने शंभर माणसे शिकविली, तर ती शंभर गावांत पोहोचतील, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. तथापि ज्या परिचारिका त्या शाळेतून बाहेर पडून खेड्यापाड्यांत राबल्या, त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार राज्यरचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. नकाशावर रेघा ओढणे सोपे असते. पण ज्या उदगीरच्या शेतकऱ्याला काल बीदर हे जिल्ह्याचे ठिकाण होते, त्याला आज ते परराज्य झाले. आणि औरादच्या ज्या बाईचे माहेर निलंग्याला, तिचे बाळंतपण आता दुसऱ्या राज्याच्या खात्यात नोंदले जाऊ लागले. शिवाय या भागाची सर्वांत मोठी रुग्णालये हैदराबादेत होती, तीही आता तिसऱ्या राज्यात गेली. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे आपल्या नव्या राजधानीपासून, बंगळूरपासून, फार दूर होते. अशा स्थितीत स्वतःची व्यवस्था स्वतः उभी करणे, याखेरीज दुसरा मार्ग राहिला नाही.

ती व्यवस्था कशी असावी, याचा आराखडा देशापुढे आधीच आलेला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. आजार झाल्यावर उपचार आणि आजार होऊच नये म्हणून खबरदारी, ही दोन्ही कामे एकाच ठिकाणाहून व्हावीत, आणि ते ठिकाण खेड्याच्या आवाक्यात असावे, हे त्या अहवालाचे सार होय. त्यातूनच प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना रुजली. आज रूढ असलेल्या मापाप्रमाणे सपाटीच्या प्रदेशात ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० वस्तीस ३० खाटांचे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावयास हवे. त्याच्या वर तालुक्याचे व जिल्ह्याचे रुग्णालय, आणि सर्वांच्या वर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले मोठे रुग्णालय. २००५ सालापासून या उतरंडीच्या अगदी तळाशी, दर हजार वस्तीस एक, अशी गावातलीच 'आशा' कार्यकर्ती आली.

ही उतरंड समजण्यास आपल्या माळरानावरील पाण्याचा दृष्टांत पुरेसा आहे. आभाळातले पाणी प्रथम बांधावर अडते, मग ओढ्यात येते, ओढ्यातून तळ्यात. बांध फुटका असेल, तर तळे कितीही मोठे खणले तरी त्यात गाळच येणार. तद्वत् गावचे उपकेंद्र बंद असेल, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात रोगी येतो तो रोग विकोपाला गेल्यावरच. मोठ्या रुग्णालयातील गर्दी पाहून आपण त्या रुग्णालयाला दोष देतो. पण पुष्कळदा तो दोष खालच्या फुटक्या बांधांचा असतो.

आता या साखळीचे वरचे टोक कसे तयार झाले, ते पाहू. १९५८ साली गुलबर्ग्यास महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. रामपुरे हे लोकसभेचे सदस्यही होते. शासन केव्हा तरी देईल म्हणून वाट पाहत न बसता, या भागातील लोकांनीच एकत्र यावे आणि महाविद्यालये उभारावीत, हा त्या संस्थेमागचा विचार होता. अभियांत्रिकीचे महाविद्यालय आधी निघाले, आणि १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते महादेवप्पा रामपुरे यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे त्याला जोडून बसवेश्वर रुग्णालय, तसेच संगमेश्वर रुग्णालय, अशी याच संस्थेची रुग्णालये उभी राहिली.

१९६३ हे वर्ष या साऱ्या सीमापट्ट्याच्या दृष्टीने मोठे शुभ म्हणावे लागेल. त्याच वर्षी बेळगावास आणि सोलापुरासही वैद्यकीय महाविद्यालये निघाली. मिरजेचे शासकीय महाविद्यालय त्याआधी एक वर्ष, १९६२ साली, सुरू झाले होते. म्हणजे दोन वर्षांच्या अवधीत या पट्ट्याच्या चार ठिकाणी डॉक्टर घडविण्याच्या चार शाळा उभ्या राहिल्या. १९६६ साली लातूरला काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन विवेकानंद रुग्णालय काढले.

वैद्यकीय महाविद्यालय निघाल्याने सामान्य रोग्याचा काय लाभ होतो, असे कोणी विचारील. लाभ असा, की विद्यार्थ्यांना शिकवावयाचे तर खाटा हव्यात, निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ हवेत, प्रयोगशाळा हवी, रक्तपेढी हवी, आणि रात्रीअपरात्री जागे राहणारे शिकाऊ डॉक्टर हवेत. खाजगी दवाखान्यात रात्री दिवा विझतो. शिकविणाऱ्या रुग्णालयात तो विझत नाही. हाडाचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर, बालरोगांचा डॉक्टर असे भेद ज्या शहरात पूर्वी कोणी ऐकले नव्हते, तेथे एका आवारात ते सारे भेटू लागले. आळंदच्या रोग्याला त्यासाठी हैदराबाद गाठण्याची गरज उरली नाही.

परंतु श्रोतेहो, केवळ खाटा मोजून आरोग्याची मोजदाद होत नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे नारू. आमच्या पिढीच्या आईवडिलांना हा शब्द ऐकताच अंगावर काटा येई. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरत, त्याच पाण्यात पाय बुडवीत आणि तेच पाणी पीत. पाण्यातील अतिसूक्ष्म कीटकांच्या पोटात नारूची पिले असत. ती माणसाच्या पोटात जात, आणि सुमारे वर्षभराने पायाला फोड येऊन त्यातून हात-दीड हात, कधी त्याहूनही लांब, दोऱ्यासारखा जंत बाहेर पडू लागे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावयाचा. तुटला तर पाय सुजावयाचा. ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता पुरुष महिना-महिना खाटेवर पडे. या रोगावर औषध नाही आणि लसही नाही. एकदा जडल्यावर मोठ्यातला मोठा डॉक्टर काडी धरण्यापलीकडे फारसे काही करू शकत नसे.

मग तो गेला कसा? कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, राजस्थान अशा ज्या राज्यांत नारूचा उपद्रव होता, तेथे १९८३-८४ पासून देशव्यापी मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बुजविल्या किंवा त्यांना कठडे बांधून रहाट बसविले. गावोगाव हातपंप आले. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे, हे घरोघर जाऊन सांगितले गेले. ज्याच्या पायाला फोड आहे, त्याला पाण्यात उतरू दिले नाही. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. एका फडक्याने एका रोगाचा निकाल लावला! हे फडके कोणत्याही रुग्णालयात नव्हते. ते गावच्या बायांच्या हातांत होते. ज्या आरोग्यसेवकांनी ते त्यांच्या हाती दिले, तेच या साखळीचे खरे पहिले कडे होत.

गेल्या पंचवीस वर्षांत साखळीची वरची कडी झपाट्याने वाढली आहेत. गुलबर्ग्यास ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्याशी निगडित संस्थेने २००० साली वैद्यकीय महाविद्यालय काढले. बीदर येथे २००७ साली शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू झाली आणि जिल्हा रुग्णालय तिला जोडले गेले. कलबुर्गीस २०१३ साली तशीच शासकीय संस्था निघाली, आणि कामगार विमा योजनेचे वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षी आले. हैदराबाद-कर्नाटक भागाचा मागासलेपणा दूर व्हावा, म्हणून संविधानात ९८ व्या दुरुस्तीने ३७१ (ज) हे कलम घालण्यात आले. त्यान्वये या विभागातील शिक्षणसंस्थांत स्थानिक विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. इथला मुलगा डॉक्टर झाला, तर तो इथे टिकण्याचा संभव अधिक, हा त्यामागचा हिशेब आहे. २०१९ साली या विभागाला 'कल्याण कर्नाटक' हे नाव मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेच्या नव्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्यातील खाटांची संख्या मुद्दामच ३७१ ठेवण्यात आली, हे त्या कलमाचे स्मरण होय.

असे असताना माणसे अजूनही अवेळी का दगावतात? वैद्यकशास्त्रातील अभ्यासकांनी, विशेषतः बाळंतपणातील मृत्यूंचा विचार करताना, विलंबाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दवाखान्यात जावयाचे की नाही हे घरात ठरण्यास लागणारा वेळ, हा पहिला विलंब. दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ, हा दुसरा. आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यास लागणारा वेळ, हा तिसरा. या तिहींपैकी एकही विलंब प्राणघातक ठरू शकतो.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात एका शोमरोनी प्रवाशाची कथा आहे. ती बहुतेकांना ठाऊक असते, पण आपण तिच्याकडे केवळ दयेची कथा म्हणून पाहतो. वाटेत चोरांनी मारहाण करून टाकलेल्या परक्या माणसाजवळ तो प्रवासी थांबला. म्हणजे पहिला विलंब टळला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, हा प्रथमोपचार. आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. दुसरा विलंब टळला. तेथे रात्रभर त्याची शुश्रूषा केली, सकाळी उतारशाळेच्या चालकाला दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याचे कबूल केले. तिसरा विलंब टळला, खर्चाची तरतूद झाली, आणि रोग्याची पुढची चौकशीही होणार हे ठरले. दोन हजार वर्षांपूर्वीची ती कथा म्हणजे एका संपूर्ण आरोग्यव्यवस्थेचा आराखडाच आहे. त्यात एकट्या शोमरोन्याने भागले नसते. वाटेवर उतारशाळाही हवी होती. आणि नुसत्या उतारशाळेनेही भागले नसते. वाटेत थांबणारा माणूसही हवा होता.

आपल्याकडील उदाहरण घ्या. कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी प्रसिद्ध आहे. तुरीच्या रानात, उसाच्या फडात सर्पदंश ही नित्याची भीती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांच्या विषावर मिळून एकच प्रतिविष आपल्या देशात तयार होते. घोड्यांना विषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तापासून ते काढतात. ते वेळेवर मिळाले, तर बहुतेक रोगी वाचतात. पण मांत्रिकाकडे दोन तास गेले, गाडी मिळण्यात एक तास गेला, आणि जवळच्या केंद्रात औषध किंवा ते टोचणारा माणूस नसल्याने पुढे आणखी चाळीस किलोमीटर जावे लागले, तर शहरातील नामांकित रुग्णालय काय करणार? २००८ पासून कर्नाटकात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. त्यामुळे दुसरा विलंब पुष्कळ कमी झाला. पहिला विलंब मात्र कोणत्याही वाहनाने कमी होत नाही. तो शहाणपणानेच कमी होतो.

तिसऱ्या विलंबाचे एक दुःखद स्मरण येथे करावे लागेल. कोरोनाच्या साथीतील भारतातील पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये कलबुर्गीच्या एका वृद्ध गृहस्थांचा झाला. आजारात त्यांना कलबुर्गीहून हैदराबादेस नेले होते आणि तेथून परत आणीत असता वाटेत त्यांचा अंत झाला. रोग कोरोनाचा होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर निश्चित झाले. रोग नवा होता, साऱ्या जगालाच तो अनोळखी होता. तेव्हा कोणाला बोल लावण्यासाठी मी हे सांगत नाही. पण आपल्या भागातील रोगी अत्यवस्थ झाला की शेकडो किलोमीटर वाहून न्यावा लागतो, हे जुनेच सत्य त्या प्रवासाने साऱ्या देशापुढे मांडले. पुढे थोड्याच काळात त्या रोगाची तपासणी कलबुर्गीतच होऊ लागली. संकट आल्यावर जे काही आठवड्यांत उभे राहू शकले, ते संकटापूर्वीही उभे राहणे अशक्य नव्हते, एवढा धडा आपण घेतला तरी पुरे.

आता सीमेवरील मराठी रोग्याच्या खास अडचणीकडे वळतो. रोगाला राज्याची सीमा कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सोलापूरची रुग्णालये जखमींनी भरून गेली. तू कोणत्या जिल्ह्याचा, हे त्या दिवशी कोणी कोणाला विचारले नाही. एरवी मात्र विचारले जाते. गरिबांच्या उपचारांसाठी प्रत्येक राज्याच्या आपापल्या योजना आहेत, आणि राज्य बदलले की कागद बदलतो. २०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, आणि त्याचा लाभ परराज्यातील संलग्न रुग्णालयातही घेता यावा, हे तिचे तत्त्व आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ८६५ सीमागावांतील लोकांना आपली आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक शासनाने त्यास हरकत घेतली. सीमेचा मूळ वाद सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ मध्येच गेलेला आहे. त्यावर येथे मत देणे माझे काम नाही. न्यायालयाचा निकाल केव्हाही लागो. रोग्याचा ताप तोपर्यंत थांबून राहत नाही, एवढेच दोन्ही बाजूंनी ध्यानी घ्यावे.

दुसरी अडचण भाषेची. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा सलग चार दिवस गैरहजर राहिला. चौकशी केली, तेव्हा कळले की त्याच्या आईला एका दवाखान्यातून दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या होत्या. पाकिटांवरील सूचना कानडीत होत्या. तिला मराठीही जेमतेम वाचता येत होते. रात्री एकदा घ्यावयाची गोळी ती दिवसातून तीनदा घेत होती आणि तिला सारखी भोवळ येत होती. मुलगा आमच्याच मराठी शाळेत दुसरी भाषा म्हणून कानडी शिकत होता. त्याने पाकिटे अक्षर लावून वाचली, चूक ओळखली आणि आईला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला. बाई बऱ्या झाल्या. मुलगा शाळेत परतला, तेव्हा मी त्याला गैरहजेरीबद्दल काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून कानडीच्या तासाला कुरकुरणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगत आलो आहे.

ही गोष्ट दोन्हीकडे लागू आहे. आपण ज्या राज्यात राहतो, त्याची भाषा शिकणे हे आपले कर्तव्य तर आहेच. शिवाय प्रसंगी ते प्राणरक्षणाचे साधन आहे. त्याचबरोबर, ज्या तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्य समाजाचे प्रमाण १५ टक्के वा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्व देशात मान्य झालेले आहे. आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचा वार आणि औषधाच्या पाकिटावर 'सकाळ, दुपार, रात्र' एवढे तीन शब्द मराठीत असले, तर त्याने कोणत्याही भाषेचा मान कमी होणार नाही. सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी तीन चित्रे छापली, तर भाषेचाही प्रश्न उरणार नाही. याच मातीत माणिकप्रभूंनी मराठी, कानडी आणि हिंदी या भाषांतून पदे रचली, आणि ती आजही माणिकनगरात गाइली जातात. जी भूमी तीन भाषांत देवाला आळवते, तिला दोन भाषांत औषधाची मात्रा सांगणे जड जाऊ नये.

शेवटी आपल्याकडून काय होण्यासारखे आहे? आपल्या गावचे उपकेंद्र कोणते, तेथील परिचारिका कोणत्या वारी येते, सर्पदंशावरील औषध जवळात जवळ कोठे मिळते, हे घरातील एका तरी माणसाने लिहून भिंतीवर लावावे. गर्भवतीची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच करावी, आणि बाळंतपणाला कोठे व कोणत्या वाहनाने जावयाचे, हे आठव्या महिन्यात ठरवून ठेवावे. रक्तदानाची वेळ आली, तर मागे सरू नये. रक्ताला अद्याप कोणत्याही कारखान्याने पर्याय काढलेला नाही. आणि ग्रामसभेत रस्त्याचा व दिव्यांचा प्रश्न निघतो, तेव्हा उपकेंद्राचे दार किती दिवस उघडे होते, हाही प्रश्न कोणी तरी उभे राहून विचारावा.

बीदरच्या त्या जुन्या दारुश्शिफ्याला काही गावांच्या महसुलाचा आधार होता. आजच्या दवाखान्यांना आपणा सर्वांच्या करांचा आधार आहे. म्हणजे त्या वेळी काही थोडी गावे जो भार उचलीत होती, तो आता प्रत्येक गाव उचलीत आहे. ज्याचा भार आपण उचलतो, त्याची विचारपूस करण्याचा अधिकारही आपलाच आहे. तो अधिकार आपण वापरला, तर ही साखळी अत्यवस्थ रोग्याला वाटेत सोडणार नाही.